टाकीचे घाव आणि डोगाचा मुखवटा

कचऱ्याच्या ढिगात एक तान्हं मूल सापडतं. ते सापडतं चंबळच्या हलकान सिंह नावाच्या डाकूला. डाकू त्याला उचलून नेतो खरा, पण पोटचा पोर म्हणून वाढवत नाही. कुत्र्याला वागवावं तसं वागवतो. हे मूल पुढे मुंबईत पोचतं, सूरज या नावाने एका व्यायामशाळेत लहानाचं मोठं होतं आणि रात्री कुत्र्याचा मुखवटा चढवून गुन्हेगारांना गोळ्या घालत हिंडतं. त्याचं रात्रीचं नाव डोगा.

दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डोगाला बाजारात आणलं. संजय गुप्ता, तरुण कुमार वाही आणि चित्रकार मनू ही त्याच्यामागची मंडळी. याच प्रकाशनाचे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव तेव्हा मुलांचे लाडके होते, पण ते सभ्य नायक होते. डोगा सभ्य नव्हता. तो गुन्हेगाराला पोलिसांच्या ताब्यात द्यायचा नाही, तिथंच संपवायचा. त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जायचं की तो समस्या सोडवत बसत नाही, मुळासकट उपटतो.

डोगा हिंदीतला, पण मुंबईचा. आणि आमच्या भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात हिंदी काही परकी नाही. पलीकडे बालाघाट आहे, बाजारात अर्धं बोलणं हिंदीतच होतं. म्हणून डोगाबद्दल मराठीत लिहायला संकोच वाटत नाही. उलट हे आधीच व्हायला हवं होतं, कारण डोगाच्या गोष्टीत एक समजूत दडलेली आहे आणि ती आज आपल्या फोनवर रोज येऊन आदळते. काळं-निळं चित्र, पावसात भिजणारा मुखवटा, मागे जड संगीत आणि खाली एक ओळ: दुःखच माणसाला ताकद देतं. बॅटमॅन असो, पनिशर असो नाहीतर डोगा, ओळ तीच.

ही समजूत रील बनवणाऱ्यांची नाही. ती आपल्याकडे फार जुनी आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचलेलं असतं, निबंधात लिहिलेलं असतं आणि नापास झाल्यावर काकांकडून ऐकलेलंही असतं. डोगाची गोष्ट वरवर पाहता याच म्हणीचं सचित्र रूप आहे. घाव बसले, देवपण आलं.

पण पानं नीट उलटली तर गोष्ट वेगळंच काही सांगते.

दोन अनाथ

राज कॉमिक्सच्याच घरातला ध्रुव घ्या. अनुपम सिन्हांनी १९८७ मध्ये उभा केलेला हा नायक ज्युपिटर सर्कशीत वाढलेला. प्रतिस्पर्धी सर्कसवाले आग लावतात, त्यात त्याचे आईवडील जातात आणि पोरगा एका रात्रीत पोरका होतो. डोगापेक्षा हे दुःख कमी आहे असं कोण म्हणेल? आईवडील कधी नव्हतेच यापेक्षा ते डोळ्यांदेखत जाणं जास्त क्रूर असू शकतं. तरीही ध्रुव कुणाचा जीव घेत नाही, कायद्याच्या बाजूने उभा राहतो आणि हसतो, बहिणीशी भांडतो, घरी जेवायला येतो.

फरक दुःखात नाही, त्यानंतरच्या पानात आहे. ध्रुवला राजन मेहरा नावाचे पोलीस अधिकारी घरी आणतात. त्याला आई मिळते, श्वेतासारखी बहीण मिळते. डोगाला आधी डाकू मिळतो. एकाच प्रकाशनाने, जवळजवळ एकाच काळात, एकाच वयाच्या वाचकांसाठी दोन अनाथ रंगवले. दोघांची ताकद दुःखातूनच आली असती तर दोघं एकसारखे निघाले असते. पोरकेपण दोघांच्या वाट्याला आलं, पण कुणी उचललं यावर दोघांचा रस्ता ठरला.

म्हणीकडे परत या. घावांबद्दल आपण बोलतो, पण टाकी कुणाच्या हातात होती हे विचारत नाही. खाणीत रोज हजारो दगडांवर घाव पडतात. त्यातल्या बहुतेकांची खडी होते आणि ती रस्त्याला जाते. देव होतो तो एखादा, आणि तोही पाथरवटाच्या डोळ्यात आधीच मूर्ती असते म्हणून. घाव दोघांवर सारखेच पडतात. खडी झालेल्या दगडाला आपण म्हणत नाही की तू नीट सोसलं नाहीस.

माणसांना मात्र म्हणतो.

मसाल्याच्या डब्यातले चार गुरू

मग डोगाची ताकद आली कुठून? उत्तर कॉमिक्समध्येच आहे, फक्त ते पोस्टरवर येत नाही. मुंबईत सूरजला अदरक चाचा भेटतात. त्यांची व्यायामशाळा आहे, लायन जिम. त्यांचे तीन भाऊ: हल्दी खान, धनिया खान आणि काली मिर्च खान. नावं ऐकून हसू येतं, आणि यावंच. लेखकांनी स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबाच उघडलाय. पण या चौघांनी त्या पोराला अंग कमवायला शिकवलं, लढायला शिकवलं, निशाणा धरायला शिकवलं. मुख्य म्हणजे राहायला जागा दिली. हलकान सिंहाने ज्याला जनावर केलं त्याला या चौघांनी पुन्हा माणसात आणलं.

आता काळ लक्षात घ्या. याच सुमारास, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई दंगलीत जळत होती आणि मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या मुंबईतला एक नायक, ज्याची जात-धर्म कचऱ्याच्या ढिगातच पुसली गेली आहे, चार खान भावांच्या हाताखाली तयार होतो. कॉमिक्स यावर भाषण देत नाही. चाचा आहेत, भाऊ आहेत, तालीम आहे, बस. मला हा डोगाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. त्याच्या पहिल्या अंकांपैकी एकाचं नाव ‘कर्फ्यू’ आहे, हेही विसरू नये.

म्हणजे डोगाच्या आयुष्यात घाव घालणारा वेगळा आणि घडवणारा वेगळा. हलकान सिंहाने जे दिलं त्यातून राग आला, झोप उडाली, माणसांवरचा विश्वास उडाला. अदरक चाचांनी जे दिलं त्यातून ताकद आली. आपण पोस्टरवर या दोघांची बेरीज करून टाकतो आणि श्रेय हलकान सिंहाला देतो. हा त्या म्हाताऱ्या पहिलवानावर अन्याय आहे.

बॅटमॅनचंही असंच. गल्लीत आईबापांना गोळ्या लागतात ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. नोव्हेंबर १९३९ च्या अंकात ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली, तेव्हापासून शेकडो वेळा ते मोती रस्त्यावर सांडले आहेत. पण त्या पोराला पुढे वाढवणारा आल्फ्रेड आणि बापाने मागे ठेवलेली अमाप संपत्ती यांचं रील कुणी बनवत नाही. गॉथममध्ये आईबाप मारले गेलेली आणखी कितीतरी पोरं असतील. त्यांच्याकडे आल्फ्रेड नव्हता, म्हणून त्यांच्या नावाचं कॉमिक्स नाही.

दुःख कागदावर उतरवलं तर?

इथे कुणी म्हणेल, हे सगळं कल्पित आहे, खऱ्या आयुष्यात दुःख पेटवतंच. तर मग एक खरा माणूस पाहू. जेम्स ओबार या अमेरिकन चित्रकाराच्या होणाऱ्या बायकोला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने चिरडलं. तो तेव्हा कोवळ्या वयाचा होता. पुढे तो सैन्यात गेला आणि १९८१ मध्ये बर्लिनमध्ये असताना एक कॉमिक्स काढायला लागला. त्यात खून झालेला तरुण मेल्यावर परत येतो आणि आपल्या प्रेयसीच्या मारेकऱ्यांना एकेक करून संपवतो. हे ‘द क्रो’. १९८९ मध्ये ते छापून आलं आणि आजही काळोख्या सूडकथांमध्ये त्याचं नाव आधी घेतलं जातं.

दुःखातून ताकद आली याचं याहून चांगलं उदाहरण कुठलं? पण ओबारने स्वतः पुढे सांगितलं ते उलटं आहे. राग कागदावर उतरवला की आतून निघून जाईल असं त्याला वाटलं होतं, प्रत्यक्षात तो वाढतच गेला. वाचकाला जे बळ वाटलं ते काढणाऱ्यासाठी भळभळणारी जखम होती. पुस्तक उत्तम झालं, माणूस बरा झाला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि समीक्षेने तरी त्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

दुसरं टोक पनिशरचं. १९७४ च्या फेब्रुवारीत स्पायडरमॅनच्या अंकात तो आला. बायकापोरं मारली गेलेला हा माजी सैनिक छातीवर कवटी लावून गुन्हेगारांची शिकार करतो. ही कवटी पुढे अमेरिकेत खऱ्या सैनिकांच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर दिसायला लागली. २०१९ च्या एका अंकात लेखकाने पनिशरलाच त्या स्टिकरवाल्या पोलिसांसमोर उभं केलं. त्याने तो स्टिकर फाडला आणि माझ्यासारखं होऊ नका असं बजावलं. पात्राला आपल्याच चाहत्यांना आवरावं लागलं. दुःख गळून गेलं, ताकदीची खूण तेवढी उरली, आणि ज्यांच्या हातात आधीच बंदूक होती त्यांनीच ती उचलली.

दुःख कुणाचं, बळ कुणाचं

या गोष्टींमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. सोसतं कोण? मरते बायको, मरते प्रेयसी, मरते मुलगी, आणि ताकद येते पुरुषाला. गेल सिमोन या लेखिकेने १९९९ मध्ये अशा बायकांची यादीच केली, ज्यांना कॉमिक्समध्ये मारलं गेलं, छळलं गेलं किंवा निकामी केलं गेलं. यादीचं नाव पडलं ते १९९४ च्या ग्रीन लँटर्नच्या एका अंकावरून, ज्यात नायकाला घरी आल्यावर मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. तिची गोष्ट तिथं संपते. त्याची सुरू होते.

आपल्या भाषेतही हा हिशोब पक्का आहे. सोसणाऱ्या बाईला आपण ‘सोशिक’ म्हणतो आणि ते कौतुक असतं. सोसणाऱ्या पुरुषाला सोशिक म्हटलं तर त्यात किंचित कीव येते. तो ‘पेटून उठतो’ तेव्हा त्याचं कौतुक. एकच घाव, पण बाईने गिळायचा आणि पुरुषाने परत करायचा.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर हे दोन्ही एका रात्रीत दिसतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, वडसा इथल्या कंपन्यांचे ट्रक निघतात आणि रात्रभर नाटक चालतं. नायिका तीन अंक छळ सोसते आणि गाते. नायक शेवटच्या अंकात खलनायकाची गचांडी धरतो. पण झाडीपट्टीत एक गोष्ट आहे जी डोगात नाही. तिथं दुःखाला प्रेक्षक असतो. शेतातून आलेल्या बायका मांडवात बसून उघड रडतात, पुरुषही डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी बांधीत काम करताना त्याच पात्राबद्दल ते खरंच शेजारी राहत असल्यासारखं बोलतात. सोसणारी एकटी नसते. डोगाचा मुखवटा मात्र रडता येऊ नये म्हणूनच असावा असा आहे. त्याच्या गोष्टीतलं सगळ्यात अंधारं काय असेल तर ते हे एकटेपण.

आमच्या जिल्ह्यातली गोष्ट

सूडकथेचा हा साचा खऱ्या दुःखावर ठेवून पाहायचा तर भंडारा जिल्ह्यात लांब जावं लागत नाही. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलं सुधीर व रोशन यांना गावातल्या जमावाने ठार मारलं. घरातले भैयालाल तेवढे वाचले.

कॉमिक्सच्या व्याकरणात ही भैयालाल यांची बॅकस्टोरी झाली असती. पहिल्या तीन पानांत चार मृत्यू, चौथ्या पानावर मुखवटा. प्रत्यक्षात काय झालं? हा माणूस कोर्टात गेला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं आणि सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप टिकले नाहीत. भैयालाल न्याय मागत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले. त्यांना दुःखाने बलवान केलं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. दुःखाने त्यांना एकटं केलं, आणि तरी ते हजर राहिले. या हजर राहण्यासाठी आपल्या गोष्टींकडे चित्र नाही.

आणि सुरेखाबाई? त्यांनी मारहाणीच्या एका प्रकरणात गावातल्या लोकांविरुद्ध पोलिसांपुढे साक्ष दिली होती. मुलीला शिकवत होत्या, जमिनीसाठी भांडत होत्या. त्यांच्याकडे ताकद होती ती हत्येच्या आधी, आणि त्या ताकदीचाच गावाला राग आला. साचा इथे उलटा फिरतो. दुःखातून ताकद आली नाही, ताकदीमुळे दुःख ओढवलं. कॉमिक्समधल्या कुठल्याच अंधाऱ्या नायकाच्या गोष्टीत हे वाक्य बसत नाही, म्हणून ती गोष्ट अपुरी आहे.

याच भंडाऱ्यातून डॉ. आंबेडकरांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. ज्यांनी आयुष्यभर सोसलं त्यांना बाबासाहेबांनी काय सांगितलं? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. या तीन शब्दांत ‘सोसा’ हा शब्द नाही. सोसणं लोकांच्या वाट्याला आधीच आलेलं होतं, त्याचा सद्गुण करायची गरज त्यांना वाटली नाही. शाळा लागते, जमात लागते, मग लढाई. अदरक चाचांची तालीमसुद्धा, बारकाईने पाहिलं तर, याच क्रमाने चालते.

मग डोगा टाकून द्यायचा का?

नाही. डोगात एक गोष्ट आहे जी सभ्य नायकांत नाही, आणि ती खरोखर दुःखातूनच येते. हलकान सिंहाने त्याला कुत्रा ठरवलं. डोगाने तो शब्द नाकारला नाही. त्याने कुत्र्याचंच तोंड आपल्या तोंडावर चढवलं आणि गल्लीतली कुत्री आपले सोबती केले. ज्या शब्दाने हिणवलं तोच शब्द नाव म्हणून लावला. महाराष्ट्राला ही चाल नवी नाही. १९७२ मध्ये मुंबईत काही तरुणांनी आपल्या संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं, तेव्हा त्यांनीही तुडवलेला हा अर्थ पाठीवरून काढून छातीवर लावला होता.

दुःख एवढं करू शकतं. ते तुम्हाला एक खूण देतं आणि ती खूण कशी वागवायची हे तुमच्या हातात राहू शकतं. मुखवटा दुःखाचा. पण मुखवट्यामागचं अंग, दम, निशाणा, भाकरी आणि रात्री परतायची जागा यांचा हिशोब वेगळा ठेवला पाहिजे. ते कुणीतरी दिलेलं असतं. डोगाच्या लेखकांना हे कळलं होतं म्हणून त्यांनी चार खान लिहिले. आपण वाचताना त्यांना गाळलं.

गाळण्याची किंमत पडते. साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावात, जिथं जुन्या किल्ल्याचे दगड अजून उन्हापावसात उभे आहेत, पहाटे पोरं रस्त्यावर धावतात. कुणाला पोलीस भरती, कुणाला सैन्य. कुणी दुसऱ्यांदा देतंय, कुणी चौथ्यांदा. घरी धानाची बांधी आहे, रोवणीला आई चिखलात वाकलेली आहे, बोनस कधी जमा होईल याचा पत्ता नाही. कानात इअरफोन आणि त्यात तीच ओळ, दुःखाला ताकद बनव. जो पास झाला त्याला ती खरी वाटते. जो सेकंदाने हुकला तो काय समजतो? त्याला वाटतं आपलं दुःख कमी पडलं, आपल्याला सोसताच आलं नाही. आधीच हरलेल्या पोराच्या माथ्यावर आपण आणखी एक हार ठेवतो, की तुला नीट दुःखीसुद्धा होता आलं नाही.

त्याला दुःखाची कमतरता कधीच नव्हती. रस्त्याच्या कडेला स्टॉपवॉच धरून उभा राहणारा, पाय टाकायची पद्धत सुधारणारा, हुकल्यावर चहा पाजून परत उद्या ये म्हणणारा कुणीतरी कमी होता. असे लोक गावात असतात. एखादा निवृत्त फौजी, शाळेतले पीटीचे सर, भरती होऊन सुट्टीवर आलेला मोठा भाऊ. त्यांचं पोस्टर होत नाही. पण डोगाचा एखादा जुना अंक पुन्हा हाती आला किंवा फोनवर उघडला, तर मुखवट्याची पानं थोडी भरभर उलटा आणि लायन जिमच्या पानावर थांबा. अदरक चाचा तिथंच आहेत, पोराच्या हातात वजन देऊन मोजत.